डूलॅली टॅप : देवळालीचा ताप

‘ही हॅज गॉन डूलॅली’ असं एखादा इंग्रज म्हणतो तेव्हा तो नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेत असतो. बहुतेकदा त्याला ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी डूलॅली हा बोलताना सहज येणारा, थोडा जुनाट, थोडा मायेचा शब्द आहे. अर्थ : डोकं फिरलेला, भंजाळलेला, ताळतंत्र सुटलेला. आजही ब्रिटनमध्ये तो घरात, ऑफिसात, दूरदर्शनवर ऐकू येतो. अटलांटिकपलीकडे मात्र त्याची फारशी ओळख नाही, कारण ज्या फौजेने हा शब्द इथून नेला ती अमेरिकेची नव्हती.

आधी वापर पाहू, कारण शब्दाचं वजन वापरातच कळतं. डूलॅली हे विशेषण आहे, पण ते नामाच्या आधी क्वचितच बसतं. ‘अ डूलॅली मॅन’ कानाला खटकतं. त्याची नेहमीची जागा क्रियापदानंतर : ‘गो डूलॅली’ म्हणजे बिथरणं, ‘अ बिट डूलॅली’ म्हणजे थोडासा चक्रम, ‘कम्प्लीटली डूलॅली’ म्हणजे पार कामातून गेलेला. माणसाइतकाच तो यंत्रालाही लागतो. छपाईयंत्र एकाच पानाच्या चाळीस प्रती ओकू लागलं की ते डूलॅली झालं. दिवसभर मुलांच्या गोंगाटात राहून आईचं डोकं भणभणायला लागलं की ती स्वतःबद्दलच हा शब्द वापरते. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द मला ‘भंजाळणं’ वाटतो. ‘सटकणं’मध्ये राग येतो, ‘चळ लागणं’मध्ये हट्ट येतो, ‘भ्रमिष्ट’ फारच गंभीर आहे आणि ‘ठार वेडा’मध्ये निवाडा आहे. भंजाळलेला माणूस उद्या ठिकाणावर येईल अशी आशा त्या शब्दातच असते. डूलॅलीतही ती आहे. म्हणूनच खऱ्या मनोविकाराबद्दल किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाबद्दल हा शब्द वापरणं आता असभ्य मानतात, आणि ते योग्य आहे. हलक्या शब्दाने जड दुःख उचलू नये.

शब्दाचं मूळ रूप मात्र एका शब्दाचं नव्हतं. ब्रिटिश शिपाई म्हणायचे ‘डूलॅली टॅप’. ‘ही हॅज गॉट द डूलॅली टॅप’, म्हणजे त्याला डूलॅली टॅप झालाय. इथे ‘झालाय’ महत्त्वाचं आहे. सर्दी होते, हिवताप होतो, तसा हा व्हायचा. डूलॅली म्हणजे देवळाली. आणि टॅप म्हणजे ताप. जगातल्या कुठल्याही वाचकापेक्षा मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग लवकर उलगडतो. देवळालीचा ताप. इंग्रजाला त्यासाठी कोश उघडावा लागतो.

देवळालीचं डूलॅली कसं झालं, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. आपण लिहितो दे-व-ळा-ली, चार अक्षरं, पण उच्चारतो देव्-ळा-ली. ‘व’मधला अ गळतो. असा उघडा पडलेला व् पुढच्या व्यंजनाला टेकला की उकाराकडे झुकतो, आणि इंग्रज कारकुनाच्या कानाला तो स्वरच वाटतो. देवगिरीचं इंग्रजीत ‘देओगिरी’ झालं ते याच रीतीने. म्हणून कागदावर देवळालीचं स्पेलिंग झालं डी-ई-ओ, एल-ए, एल-आय. इथपर्यंतचं काम कचेरीचं. पुढचं काम बराकीचं. लंडनच्या किंवा वेल्सच्या शिपायाने ते स्पेलिंग फलकावर, रेल्वेच्या पासावर, हुकुमात वाचलं. ‘देओ’ असा स्वरांचा जोड त्याच्या जिभेच्या सरावाचा नव्हता. त्याच्या जवळचा आवाज म्हणजे दवबिंदूचा इंग्रजी शब्द, ड्यू. बराकीत त्याचा झाला डू. उरलेल्या ‘लाली’तला पहिला ल खरं तर ळ आहे, पण जीभ टाळूकडे वळवून काढायचा तो आवाज इंग्रजीत अस्तित्वातच नाही. तेव्हा दोन्ही ल सारखे झाले, आणि आघात मधल्या अक्षरावर पडला : डू-लॅ-ली.

खडकीचं किर्की आणि शीवचं सायन झालं, तसंच हे. पण किर्की आणि सायन ही नावंच राहिली, आणि डूलॅली विशेषण झालं. याचं एक कारण मला त्या आवाजातच दिसतं. इंग्रजीत ‘डॅली’ म्हणजे रेंगाळणं, ‘डिली-डॅली’ म्हणजे उगाच वेळ घालवणं. देवळालीच्या कॅम्पात शिपाई नेमकं तेच करत होते. हे व्युत्पत्तीचं मूळ नव्हे, तसा दावाही मी करणार नाही. पण परकं नाव जिभेवर रुळताना घरच्या शब्दांच्या खोबणीत जाऊन बसतं, हे भाषांमध्ये वारंवार दिसतं. या ओढीला इंग्रजी भाषाशास्त्रात ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणतात. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश ब्रिटिश शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला. अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ सालच्या प्रसिद्ध कोशाने तेच नाव घेतलं, आणि पुढे नियमालाही तेच चिकटलं.

आता गाव. देवळाली नाशिकपासून अगदी जवळ, दारणा नदीच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. लागूनच भगूर, म्हणजे विनायक दामोदर सावरकरांचं जन्मगाव. नाव ऐकताच ‘देऊळ’ ऐकू येतं, कारण ‘देवळात’, ‘देवळाला’ यांत येणारं सामान्यरूपच या नावात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात ‘देवळाली प्रवरा’ नावाची आणखी एक देवळाली आहे, तिचा या कथेशी संबंध नाही. आपली ती ‘देवळाली कॅम्प’.

हा कॅम्प १८६१ च्या सुमारास उभा राहिला. मागे १८५७ होतं. कंपनीचं राज्य संपून राणीचं राज्य आलं होतं, आणि हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या ६० हजारांच्या वर ठेवायचं धोरण ठरलं होतं. एवढी माणसं आणायची आणि परत न्यायची म्हणजे मुंबई बंदराजवळ त्यांना थांबवायला जागा हवी. मुंबईत ठेवणं धोक्याचं होतं. पावसाळी दमट हवा, दाटीवाटी, पटकी, दारूचे गुत्ते आणि बंदरालगतची वस्ती. घाटावरची कोरडी हवा, मोकळं माळरान, नदीचं पाणी आणि येऊ घातलेली रेल्वे अशा चारही गोष्टी देवळालीला मिळत होत्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो, १८६५ साली वाहतुकीला खुला झाला. दर ३७ फुटांना एक फूट चढाव. हा घाट झाल्यावर मुंबई सुमारे १८० किलोमीटरवर, गाडीने एका दिवसाच्या आत आली. नव्याने उतरलेली पलटण आधी देवळालीत टेकायची, हवेला सरावायची आणि मग रावळपिंडी, लखनौ, सिकंदराबाद अशी पांगायची. घरी जाणारे याच वाटेने उलटे यायचे. येणारे पुढच्या प्रवासाच्या उत्सुकतेत असायचे, त्यांना हा ताप होत नसे. तो व्हायचा जाणाऱ्यांना.

इथे जहाजांचं वेळापत्रक येतं, आणि माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे. शिपायांना नेणारी सरकारी जहाजं वर्षभर चालत नसत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्र नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेला. तांबड्या समुद्रात तर उन्हाळ्यात लोखंडी जहाजाच्या पोटात माणसं उष्माघाताने मरत. म्हणून ने-आणीचा हंगाम ठरलेला : साधारण ऑक्टोबर ते मार्च. त्यासाठी पाच खास जहाजं १८६६-६७ च्या सुमारास बांधली गेली होती. क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. पांढऱ्या रंगाची, एकेकात बाराशेच्या आसपास माणसं मावणारी. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडण्याआधी यांतली दोन इंग्लंडपासून अलेक्झांड्रियापर्यंत चालत आणि तीन सुएझपासून मुंबईपर्यंत, मधला टापू जमिनीवरून ओलांडायचा. कालव्यानंतर मुंबई ते पोर्ट्समथ हा प्रवास साधारण महिनाभराचा झाला.

आता शिपायाच्या बाजूने हिशेब मांडू. १८७० च्या भरती कायद्याने नोकरीचा करार बारा वर्षांचा ठरला. त्यातली पहिली सहा वर्षं प्रत्यक्ष पलटणीत, उरलेली राखीव दलात, म्हणजे घरी. पुढे पलटणीतला काळ सात वर्षांवर गेला. त्याआधीच्या काळात शिपाई दहा-बारा वर्षांसाठी भरती होई आणि बरेचदा २१ वर्षं भरून निवृत्तिवेतन घेई, तेव्हा परतणाऱ्यांची संख्या मर्यादित होती. अल्पकालीन नोकरी आल्यावर दरवर्षी हजारोंचा करार संपू लागला. अशा माणसाला म्हणत ‘टाइम-एक्स्पायर्ड’, काळ भरलेला. मराठी कानाला ते ‘घटका भरली’ असं ऐकू येतं. पण करार संपायची तारीख भरतीच्या तारखेवर ठरत होती, आणि भरती काही जहाजांच्या हंगामानुसार होत नसे. कुणाचा करार जानेवारीत संपला तर पंधरा दिवसांत जहाज. कुणाचा एप्रिलमध्ये संपला तर शेवटचं जहाज हुकलेलं, आणि पुढचं ऑक्टोबरात. मधले सहा महिने त्या माणसाने करायचं काय?

पलटणीत त्याची जागा संपलेली असे. त्याला देवळालीला पाठवत. तिथलं जीवन कसं होतं हे एका साध्या शिपायाने लिहून ठेवलं आहे, त्यामुळे आपल्याला नेमकं कळतं. फ्रँक रिचर्ड्स हा वेल्समधला कोळसाखाणीतला मजूर, रॉयल वेल्श फ्युजिलियर्समध्ये शिपाई. १९०२ ते १९०९ हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात होता. बढती घ्यायला त्याने कायम नकार दिला, त्यामुळे त्याची नजर शेवटपर्यंत बराकीतल्या खाटेच्या उंचीवरची राहिली. १९३६ साली आलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या त्याच्या आठवणींत देवळाली आहे. काळ भरलेल्या माणसांकडे तिथे हत्यार नसे, सरंजाम नसे. अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित एखादी लांब पायपीट, बाकी दिवस मोकळा. ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षं एक डाग नव्हता असे शिपाई तिथे गुन्ह्यांत अडकले, आणि घरी जाण्याआधी तुरुंगात गेले. काहींना गुप्तरोग झाला आणि ते इस्पितळात पडले. या शब्दप्रयोगाचं मूळ त्या कंटाळ्याने माणसं जशी विचित्र वागत त्यात असावं, असं रिचर्ड्स म्हणतो, आणि ‘मला वाटतं’ हे शब्द जोडायला विसरत नाही. त्याच्या या सावधपणामुळेच तो मला विश्वासार्ह वाटतो.

शिपायाची शिस्त ही त्याच्या मनाला बांधलेली दोरी असते. बिगूल, कवायत, पहारा, बंदूक साफ करणं, रांगेत जेवण. सात वर्षं दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने ठरवलेला. मग एका सकाळी ती दोरी सुटते, आणि त्याच वेळी जायला मात्र परवानगी नसते. काम असलं तर वेळ जातो. काम नसलं आणि तारीख ठाऊक असली तरी कॅलेंडरवर फुल्या मारत माणूस तग धरतो. काम नाही आणि तारीखही पक्की नाही, या स्थितीत सर्वांत जास्त पडझड होते. देवळालीची स्थिती ही तिसरी होती. जहाज कधी येणार, त्यात आपलं नाव असणार का, आजारी पडलो तर यादीतून नाव गळणार का, याची खात्री नाही. खिशात साठलेला पगार, जवळ कँटीन.

याच्यावर खरे आजारही होते, आणि ते सोडून देणं बरोबर नाही. हिवतापाचा एक प्रकार मेंदूपर्यंत जातो, त्यात माणूस बरळतो, ओळख विसरतो. त्यावर दिलं जाणारं क्विनाइन जास्त झालं तर कानात सतत घंटा वाजतात, ऐकू कमी येतं, गोंधळ उडतो. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात सापडतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला दाखवलं ते १८९७ मध्ये. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षं हा कॅम्प त्या ज्ञानाशिवायच चालला होता. दारू सुटली की हातापायाला कापरं भरून भास होतात. उपदंशावर तेव्हा पारा हाच उपाय, आणि रोग वर्षांनंतर मेंदूत शिरला तर बुद्धी ढासळते. पेनिसिलिन यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. शिवाय ठिकठिकाणच्या पलटणींतले मनोरुग्णही मायदेशी पाठवण्यासाठी याच वाटेने आणले जात. तेव्हा देवळालीत भ्रमिष्ट माणसं दिसत होती, हे खरंच आहे.

मात्र दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात आणि त्या मला पटत नाहीत. पहिली अशी, की देवळालीत मोठं वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून शब्द आला. लष्करी इस्पितळ होतं, पण वेड्यांचं इस्पितळ ही त्या गावाची ओळख कधीच नव्हती. आणि तसं असतं तर शिपाई ‘त्याला देवळालीला पाठवा’ असं म्हणाले असते. ते म्हणत ‘त्याला देवळालीचा ताप झालाय’. पहिल्या वाक्यात गाव उपचाराची जागा आहे, दुसऱ्यात रोगाचं कारण. दुसरी गोष्ट उन्हाची. देवळालीच्या भयानक उष्म्याने गोऱ्यांची डोकी फिरली, असं इंग्रजी लिखाणात सर्रास आढळतं. ज्याने मुलतान किंवा झाशीचा जून पाहिला आहे त्याला देवळालीचं ऊन म्हणजे काहीच नव्हे. मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबं इथे हवापालटासाठी येत, आरोग्यधामं बांधत. फुप्फुसाच्या रोग्याला डॉक्टर जिथे पाठवत, त्या हवेने माणसं वेडी होत असतील हे मानणं कठीण आहे. दोष हवेचा नव्हता. आमच्या एका शांत, निरोगी गावाचं नाव वेडाला चिकटलं ते लंडनच्या नौदल कचेरीच्या वेळापत्रकामुळे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

शब्दाचं मूळ तपासताना असा भेद कसा करायचा, तेही सांगतो. लोकप्रिय व्युत्पत्ती ऐकली की आधी शब्दाचं जुन्यातलं जुनं रूप पाहावं, सुटं आजचं नव्हे. मग तो वाक्यात कुठल्या क्रियापदाबरोबर येत होता ते पाहावं, कारण ‘होणं’, ‘लागणं’, ‘जाणं’ यांतून बोलणाऱ्याची कल्पना कळते. मग छापील पुराव्याची तारीख. आणि शेवटी ती तारीख इतकी उशिराची का, हे विचारावं. डूलॅली टॅप छापील स्वरूपात ठळकपणे दिसतो तो १९२५ साली, फ्रेझर आणि गिबन्स यांच्या सैनिक-खलाशांच्या शब्दसंग्रहात. म्हणजे शब्द तेव्हा जन्मला असं नाही. कॅम्प तर साठ वर्षं जुना होता. पण शिपायांची बोली कोण छापणार? अधिकारी तसं बोलत नसत, शिपाई लिहीत नसत. पहिल्या महायुद्धात लाखो सामान्य नागरिक फौजेत शिरले आणि जुन्या शिपायांचे शब्द त्यांच्या कानी पडले. युद्ध संपल्यावर ते शब्द गोळा करायची निकड कुणाला तरी वाटली. म्हणून १९२५. छापील तारीख ही शब्दाची जन्मतारीख नसते, त्याच्या शाळाप्रवेशाची तारीख असते.

आता ताप. इंग्रजी कोश या ‘टॅप’चं मूळ उर्दू-फारसी ‘तप’ असं देतात, आणि फौजेची बोली हिंदुस्तानी होती हे पाहता ते बरोबर आहे. उत्तरेतल्या छावण्यांत शिपायाने ‘तप’ ऐकला असणारच. फारसीत आज त्याचं रूप ‘तब’. पण देवळालीत त्याची खाट विणणारा, दूध घालणारा, कपडे धुणारा माणूस मराठी बोलत होता, आणि तो ‘ताप’ म्हणत होता. दोन्हींचं कूळ एकच : तप्, तापणं. त्याच कुळातला शब्द लॅटिनमध्ये ‘तेपिदुस’ झाला आणि इंग्रजीत ‘टेपिड’, म्हणजे कोमट. इंग्रज शिपायाच्या घरी या शब्दाचा एक दूरचा, कोमट चुलतभाऊ आधीच नांदत होता आणि त्याने त्याला ओळखलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

मराठीने मात्र हा शब्द नुसता थर्मामीटरपाशी ठेवला नाही. मोल्सवर्थच्या कोशातच ताप म्हणजे उष्णता, ज्वर आणि पीडा असे अर्थ आहेत. अंगात ताप भरतो, ताप उतरतो. स्वभाव तापट असतो. संताप, मनस्ताप, पश्चात्ताप, सगळ्यांत तो आहे. कीर्तनात त्रिविध ताप येतात : आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक. आणि रोजच्या बोलण्यात ‘ताप देऊ नको’, ‘नसता ताप’, ‘डोक्याला ताप’. हा शेवटचा शब्दप्रयोग पाहा. डोक्याला ताप म्हणजे आजार नाही. दुसऱ्याने लादलेली, टाळता न येणारी कटकट, जी सहन करता करता डोकं कामातून जातं. सरकारी कचेरीत तिसऱ्यांदा तोच कागद मागितला, की माणूस हेच म्हणतो. देवळालीत अडकलेल्या शिपायाची अवस्था सांगायला याहून नेमका शब्दप्रयोग इंग्रजीत नव्हता. त्याने रोगाच्या अर्थाने उचललेला शब्द मराठीत त्याची खरी तक्रार आधीच बोलत होता. हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही, आणि मराठी ‘डोक्याला ताप’मधूनच ‘डूलॅली टॅप’ आला असंही मी म्हणणार नाही. पण दोन भाषा एकाच दुखण्यावर एकाच शब्दाने बोट ठेवतात, हे पाहून बरं वाटतं.

पुढे हा ताप गळाला. इंग्लंडमध्ये ‘टॅप’ म्हणजे पाण्याचा नळ, नाहीतर दारावरची टकटक. हिंदुस्थान न पाहिलेल्या नातवाला आजोबांच्या तोंडचा ‘डूलॅली टॅप’ लागेना. ज्या भागाला अर्थ राहत नाही तो भाग बोलण्यातून झडतो, आणि उरतं ते कानाला गमतीदार वाटणारं. अशा रीतीने रोगाचं नाव गेलं आणि गावाचं नाव रोग होऊन बसलं. व्याकरणही बदललं. पूर्वी ‘टॅप’ व्हायचा, म्हणजे तो बाहेरून यायचा. आता माणूस स्वतःच ‘डूलॅली’ होतो.

बराकीत वेडासाठी दुसरा शब्द नव्हता असंही नाही. ‘पागल’वरून ‘पगल्ड’ होताच, आणि तो अधिक सरळ होता. ‘रूटी’ म्हणजे रोटी, ‘जिल्डी’ म्हणजे जल्दी, ‘डेको’ म्हणजे देखो, ‘कुशी’ म्हणजे खुशीची, आरामाची नोकरी. चिठ्ठीचा ‘चिट’ आणि बक्षिसाचं ‘बकशी’ तर आजही चालतं. या सगळ्यांत डूलॅलीच्या शेजारी ठेवावासा वाटणारा एकच शब्द, ‘ब्लायटी’. विलायती, बिलायती, ब्लायटी. आपल्याकडे विलायती चिंच आहे, त्यांच्याकडे त्याचा अर्थ झाला ‘घर’, इंग्लंड. पहिल्या महायुद्धात खंदकातला शिपाई जीव न घेणारी पण घरी पाठवणारी जखम मागत असे, तिला ‘ब्लायटी’च म्हणत. ब्लायटी म्हणजे जिथे जायचं ते, आणि डूलॅली म्हणजे जाताना जिथे अडकायचं ते. दोन्ही नावं शिपायाने इथल्याच भाषांतून घेतली.

गावाच्या नावाने वेड सांगायची खोड सगळ्यांनाच आहे. लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून इंग्रजीत ‘बेडलम’ आला, म्हणजे बेबंद गोंधळ. आपण ‘याला ठाण्याला न्या’, ‘येरवड्याला भरती करा’ म्हणतो, उत्तरेत आग्रा आणि रांची म्हणतात. फरक एवढाच, की तिथे नेलेली माणसं आधी आजारी होती. देवळालीत आलेली माणसं धडधाकट होती.

दुसऱ्या महायुद्धात देवळाली पुन्हा भरली, पूर्वी कधी नव्हती इतकी. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणारे इथे उतरत आणि घरी जाणारे इथेच थांबत. आता हंगामाची अडचण नव्हती, जहाजांचीच टंचाई होती. युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपलं, पण माणसं घरी पोचायला महिनोन्महिने लागत होते. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी काम थांबवलं, आणि ते लोण हिंदुस्थानातल्या आणि बाहेरच्या इतर तळांवर पसरलं. मागणी एकच, आम्हाला घरी पाठवा. देवळालीच्या बराकीत साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे एकेका माणसात आतल्या आत कुजत होतं, ते इथे एकत्र येऊन उघड बोललं. फरक असा की या जवानांना तारीख मागता येते हे माहीत होतं. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची शेवटची तुकडी गेटवे ऑफ इंडियातून निघून गेली. तो पांढऱ्या जहाजांचा सगळा व्यवहार तिथे संपला. शब्द मात्र त्यांच्या सामानातून कधीच पलीकडे पोचला होता.

देवळाली आजही छावणी आहे. भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा इथे आहे. कॅम्पातले सरळ, रुंद, झाडांचे रस्ते, लॅम रोडवरची जुनी बंगल्यांची वस्ती आणि आरोग्यधामं पाहून हे गाव कुणाच्या तरी भाषेत वेडाचा पर्याय आहे, हे खरं वाटत नाही. हवा अजूनही चांगली आहे.

इंग्रजी नाव मात्र अजून दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. छावणी मंडळ जुनं, ओकाराचं ‘देओलाली’ चालवतं. रेल्वेच्या वेळापत्रकात ते व्ही घालून ‘देवलाली’ आहे, त्यात व परत आला आहे. ळ दोन्हींत नाही. तो फक्त मराठीत लिहिलेल्या नावात आहे, आणि गाडी लहवित सोडून पुढे आली की दारात उभा असलेला कुणीतरी मागच्याला सांगतो, ‘चला, देवळाली आली’, त्यात.